सुतकातली सुकती

भाऊजी,

तुमच्या संस्थेतले दोघे तेराव्याला येऊन गेले. एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत आले बिचारे, पण पंगतीला बसल्यावर वडे मागून मागून खाल्ले, तेव्हा मला बरं वाटलं. निघताना म्हणाले, "आम्ही सरांच्या आठवणींचा छोटासा अंक काढतोय, घरच्या कुणीतरी लिहायला पाहिजे." तुमच्या दादांनी नेहमीसारखे हात झटकले. "तिलाच सांगा," म्हणाले, "जन्मभर त्याच्याशी भांडली तीच."

म्हणून बसले आहे लिहायला. तुम्ही काय शिकलात, कुठल्या बोटीवर होतात, समुद्राच्या तळाचे कुठले नकाशे काढलेत, ते सगळं ती माणसं लिहितीलच. मला त्यातलं अर्धं कळत नाही, आणि उरलेलं अर्धं तुम्ही जेवताना सांगितलंत तेव्हा माझं लक्ष तुमच्या पानाकडे असायचं. मला वेगळंच सांगायचंय. तुमचं सुतक चालू असताना आपल्या वाडीत एक गोष्ट घडली. ती ज्याला सांगावी असं एकच माणूस होतं, आणि नेमकं तेच आता नाही.

तुम्हाला माहीत असलेलं थोडं आधी लिहिते, परक्या वाचणाऱ्यांसाठी. कंटाळू नका. आपली वाडी वेळणेश्वरच्या अलीकडे, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळमाळाच्या पायथ्याशी, माडांच्या आगरात. सड्यावर चढायला एकच पाखाडी, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, शेवाळून निसरडी झालेली. समोर वाळूची पुळण आणि पुळणीच्या पुढे पाण्यातलं खडकाळ खडप. ओहोटीला आपल्याकडे सुकती म्हणतात. मोठी सुकती लागली की खडप उघडं पडतं आणि त्यावर धरलेली कालवं दिसायला लागतात. छोटी कोयती आणि टोपली घेऊन बायका उतरतात, कालवं फोडून काढतात आणि पाणी परतायच्या आत वर येतात. त्याला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

आणि हाकेचं. मोठी सुकती लागलेली दिसली तरी कुणी एकटीनं उतरायचं नाही. वाडीत हाक पडायला हवी, "सुकती लागली गो!" आणि दारादारांतून ओ आली की मग सगळ्यांनी मिळून उतरायचं. जी एकटी उतरेल तिला बायका हावरी म्हणतात, ते ती मरेपर्यंत. हाक घालायचा मान आपल्या घराचा. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी मला पायरीवर उभं केलं आणि म्हणाल्या, "पोटातनं घाल हाक. गळ्यातनं नको." मी लाजून अर्धमेली झाले होते आणि तुम्ही खिडकीतून खिदळत होतात.

तुम्ही तेव्हा शाळकरी. नव्या नवरीनं अर्ध्या चड्डीतल्या पोराला "अहो भाऊजी, जेवायला चला" म्हणायचं, याचं मला भारी हसू यायचं. तुमचं नाक मी पुसलंय एकदोनदा, तरी अहो ते अहोच. पुढे तुम्ही शिकायला गेलात, बोटीवर गेलात, आणि लग्नाचा विषय काढला की "नकाशा पुरा होऊ दे" म्हणायला लागलात. मी म्हणायची, समुद्राच्या तळाला काय बायको ठेवलीय? त्यावर तुम्ही गंभीरपणे सांगायचात की तळ सारखा सरकतो, एका जागी राहत नाही, म्हणून नकाशा पुरा होत नाही. एरवी तुम्हाला थट्टा कळायची. कामाचा विषय निघाला की मात्र तुम्ही अगदी भाबडे व्हायचात, आणि मला तुमचा तो भाबडेपणा फार आवडायचा.

मुंबईत गिरण्या बंद पडल्या आणि वाडीतले पुरुष परत येऊन पडवीत बसले, त्या वर्षी तुम्ही भूकंप नोंदणारं ते यंत्र घेऊन आलात. किनाऱ्यावर जागोजागी अशी यंत्रं काही महिने ठेवायची होती. आपल्या गोठ्याखाली सलग कातळ आहे हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक, तेव्हा गाय माडाखाली गेली आणि गोठ्यात तुमचा फिरता डबा बसला. डब्यावर गुंडाळायचा कागद आधी काजळीनं काळा करायचा, मग त्या काजळीवर सुई पांढरी रेघ ओढत राहायची. कागद काळे करायला तुम्ही रॉकेलची चिमणी घेऊन माझ्या चुलीशेजारी बसलात आणि भांड्यांची फळी, भिंत आणि स्वतःचं नाक, सगळं काळं करून ठेवलंत. दुसऱ्या दिवसापासून मी तुम्हाला मागच्या दारी हाकललं.

रेघ सरळ असेल असं मला वाटलं होतं. ती सरळ नव्हतीच. बारीक थरथरत होती, सारखी. "हा दर्या, वयनी," तुम्ही म्हणालात. "लाट आपटते ती कातळाला लागते. आपल्याला कळत नाय, पण आपली चूल, आपलं अंथरूण, सगळं असंच हलत असतं." तुम्हाला केवढा आनंद झाला होता ते दाखवताना! मला मात्र त्यानंतर कित्येक दिवस जमिनीला पाठ टेकायला नको वाटायचं.

आणि मग ती दुपार. बायका सुकतीला उतरल्या होत्या, मी हाक घालून घरीच राहिले होते, तांदूळ पाखडायचे होते म्हणून. तुम्ही पडवीत चहा प्यालात. काही म्हणजे काही झालं नाही. भांडं वाजलं नाही, कुत्रं भुंकलं नाही. तुम्ही कागद बदलायला गोठ्यात गेलात ते बराच वेळ आला नाहीत, म्हणून मी बघायला आले. सुई कागदभर झोके घेत होती. लांब कुठेतरी मोठा धक्का बसलाय, एवढं म्हणालात. कुठे, म्हणून विचारलं तर म्हणालात, "एका यंत्रावरनं किती लांब ते कळतं. कुठल्या दिशेला ते नाय कळत." जमिनीवर असेल, किंवा समुद्राच्या मधोमध तळ फाटतो तिथे असेल, किंवा मकराणला. मकराण तुम्ही दोनदा म्हणालात.

मग तुम्ही पुळणीवर जाऊन बसलात. खडपावर बायका होत्या, माझ्याच हाकेवर उतरलेल्या. तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत, मलाही नाही. नुसते समुद्राकडे बघत राहिलात. बायका टोपल्या भरून वर आल्या, तुमच्या बाजूनं गेल्या, एकीनं विचारलंसुद्धा, "काय भावजी, बोट चुकली काय?" तुम्ही हसलात. दिवेलागणीला उठलात, कपडे झटकलेत आणि घरात येऊन विचारलंत, "जेवायला काय हाय?"

मकराण म्हणजे कराचीच्या पलीकडचा किनारा, हे तुम्ही मला नंतर समजावलंत. तिथे समुद्राचा तळ जमिनीच्या खाली शिरतो. शिरता शिरता अडकतो, वर्षानुवर्षं अडकून राहतो, आणि मागून रेटा चालूच. पावसाळ्यात फुगलेलं दार आपण खांद्यानं रेटतो, ते हलता हलत नाही आणि एकदम उघडतं तेव्हा आपण तोंडावर पडतो, तसं. तिथलं ते दार उघडलं की वरचं पाणी उसळतं आणि निघतं. इथवर यायला त्याला काही तास लागतात. आणि ते येण्याआधी कधी कधी किनाऱ्यावरचं पाणी मागे खेचलं जातं. हे "कधी कधी" तुम्ही दर वेळी न विसरता घालायचात आणि माझा जीव त्यावर चिडायचा. आज जे सांगतो ते उद्या खरं होईल की नाही, हे ज्याला सांगता येत नाही त्यानं माणसांची झोप का उडवावी, असं मी तुम्हाला तोंडावर म्हटलं होतं.

तसली एक लाट पूर्वी आपल्या किनाऱ्याला लागली होती असं तुम्हाला वाटायचं. ती कुठवर आली ते तुम्हाला म्हाताऱ्या माणसांना विचारायचं होतं, आणि परक्या बाया तुमच्याशी बोलेनात, म्हणून मी सोबत. किती वाड्या हिंडलो आपण! कुणाला काही आठवेना, कुणाला नको तेच आठवे. एका आजोबांनी तुम्हाला त्यांच्या कोर्टातल्या बांधाच्या भांडणाची सगळी हकीकत ऐकवली आणि तुम्ही मान हलवत बसलात. आणि मग पलीकडच्या खाडीवरची आनशीआत्या भेटली. दात नाहीत, डोळे गेलेले, पण आवाज खणखणीत.

"पानी आटला गो," ती म्हणाली. "असा आटला की जल्मात बगितला नवता तो काळा खडप उगडा पडला. माशे फडफडतायत. आयेनं हाक घातलान, आमी सगळी हारे-टोपल्या घेऊन धावलाव."

"वेळ काय होती, आत्या?" तुम्ही विचारलंत.

"भात शिजत व्हता."

"आणि तिथी?"

"तिथी कोन बगतो रे! दर्यानं दिलान तर घ्यायचा का पंचांग काडायचा?" मग म्हणाली, "मना भूक लागलेली म्हनून मी मागं फिरलंय. आवाज नाय, काय नाय. पानी आला तो धावत आला. आये नाय फिरली. हाक तिनंच घातलेलान ना, ती कशी आदी फिरंल?"

तिथून आपण निघालो. सड्यावर आल्यावर थांबलात. खाली आपली वाडी दिसत होती, माडांच्या शेंड्यांतून धूर निघत होता. "वयनी," म्हणालात, "तिथी एक सांगते नि दर्या दुसरंच करतो, असं कधी दिसलं तर हाक उलटी घाला. बायकांना पाखाडी चढवा."

"आणि काही आलं नाही तर?"

"तर बरंच झालं की."

"बरं काय झालं? त्या दिवशी पानात काय वाढायचं? पुरुष रिकामे बसलेत घरात, सुकतीवर चुली पेटतायत. आणि एकदा त्यांना फुकट धावडवल्यावर पुढच्या खेपेला माझ्या हाकेला ओ कोण देणार? साध्या सुकतीलासुद्धा?"

मग तुम्ही ती बेटाची गोष्ट काढलीत. अंदमानाच्या पलीकडचं ते ओसाड बेट, ज्वालामुखीचं. तुमची बोट तिथे थांबली होती. सगळी काळी राख, आणि त्या राखेत बकऱ्या. कुणी कधी सोडल्या असतील त्या असोत. डोंगर झोपलाय, मेलेला नाही, हे तुम्हाला माहीत, आणि बकऱ्या त्याच्याच अंगावर मजेत चरतायत. तुम्ही त्या चरताना बघून हसलात आणि मग बोटीवर परत येईपर्यंत सारखे मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिलात.

"मग आम्ही कोण, बकऱ्या?" मी म्हटलं. मला खरंच राग आला होता. "आणि एवढं कळतं तर त्या दिवशी पुळणीवर तोंड शिवून का बसला होतात? बायका खडपावर होत्या. तुम्ही का नाही घातलीत हाक?"

तुम्ही पाठ फिरवलीत. पाखाडी उतरायला लागलात. शेवाळावर माझा पाय सरकला तेव्हा हात मात्र धरलात.

त्यानंतर दर सुटीला आलात की पिशवी खाली ठेवायच्या आत विचारायचात, "ठरलं काय, वयनी?" मी म्हणायची, पाऊस जाऊ दे, बघू. पाऊस गेला की म्हणायची, आंबा होऊ दे. आपल्या दोघांचं ते एक चिडवणंच होऊन बसलं. हो मी कधी म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली ती आता सांगते. या घरात मला जेवण कसं झालंय हे सगळ्यांनी विचारलं, पण एखाद्या गोष्टीवर माझं काय म्हणणं आहे हे फक्त तुम्ही विचारलंत. भांडायला का होईना, तुम्ही मला तुमच्या बरोबरीची समजलात. तुमच्या पाठीमागे मी हे कितीदा म्हटलंय, समोर कधी म्हटलं नाही.

या दिवाळीला आलात तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत. प्रथमच. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची. भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादांशी नारळाच्या भावाबद्दल बोलता बोलता तुम्ही छातीवर हात ठेवलात आणि खांबाला टेकलात. डॉक्टर येईपर्यंत काही राहिलं नव्हतं. तुमच्यासाठी घावन तव्यावर होतं. ते जळलं, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे.

सुतकात आपलं घर वाडीपासून तुटलं. विहिरीवर आपली वेळ वेगळी, कुणाला शिवायचं नाही, देवाला दिवा नाही, आणि अर्थात हाकही नाही. हाक तेवढ्यापुरती शेजारच्या सुमीकडे दिली होती. सुमीचा नवरा गिरणीतून परतल्यापासून आगरात मिळेल ते काम करतो, घरात खाणारी तोंडं पुष्कळ, त्यामुळे सुमी सुकतीवर टपूनच असते.

षष्ठी होती. षष्ठीची पाऊणपट साडेचार, म्हणजे तेव्हा भरती पुरी. ऊन कलायला लागलं होतं, मी मागच्या दारी राखेनं भांडी घासत होते, आणि सुमीची हाक आली. "सुकती लागली गो! येवा गो, मोटी सुकती!"

आधी वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. मग पुढच्या दारी आले. खडप उघडं होतं. भरतीच्या वेळेला खडप उघडं, पुळणीवरून सरळ चालत जाता येईल इतकं. बायका टोपल्या घेऊन धावत होत्या, हसत होत्या. त्यांतली एक दारावरून जाताना ओरडली, "वयनीच्या भावजीनं धाडलान गो दर्याला मागं!"

तुमचे दादा पडवीतून म्हणाले, "दोन दिवस मतलई काय सुटलीय बघतेस ना, वाऱ्यानं रेटलं असंल पाणी." खरंच जमिनीकडून वारा होता, कधी नव्हे एवढा जोराचा. तुम्हीच सांगितलं होतं की पाणी वाऱ्यानंही हटतं. पण तुम्ही हेही सांगितलं होतं की किनाऱ्यावर उभं राहून ते कळायचं नाही. गोठ्याकडे बघितलं. तिथे आता पुन्हा गाय आहे.

मी पायरीवर उभी राहिले आणि पोटातून ओरडले, "वर या गो! सगळ्या वर या!" कुणी बघितलं नाही. सुमीनं नुसता हात हलवला, जा, जा, असा. सुतकातल्या बाईचं कोण ऐकतो?

तेव्हा मी उतरले. हात राखेचे, पदर कुठे, केस कुठे. पुळण ओलांडून खडपावर गेले. समोर पाहिजे तिथे पाणी नव्हतं आणि आवाजही नव्हता, लाटेचा नेहमीचा आवाज लांब कुठेतरी गेला होता. आनशीआत्याची आई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी जवळ गेले तशा बायका मागे सरकल्या. "वयनी, शिवू नको हां! सुतक हाय तुला!"

तोवर माझ्या मनात काही नव्हतं, तुमची शपथ. त्या सरकल्या ते बघून मला सुचलं. मी दोन्ही हात पुढे केले आणि सुमीच्या टोपलीकडे निघाले.

"शिवते," म्हटलं. "एकेकीला शिवते, टोपलीला शिवते. सगळं फेकून द्यावं लागंल, नि डोकीवरनं आंघोळ केल्याबिगर घरात पाऊल टाकता यायचं नाय."

"वयनी, काय करतस गो!"

"चला वर. चला!"

हात पसरून मी त्यांना हाकत निघाले, तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात घालतात तसं. एक डावीकडे निसटायला बघे, मी तिकडे वळे. दोघींच्या टोपल्या सांडल्या. एक रडायला लागली, भावजी गेला नि वयनीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून. पोरं घराघरांतून धावत आली, गंमत बघायला. म्हातारी माणसं काय झालं काय झालं करत त्यांच्या मागे. पुळण संपली तरी मी थांबले नाही, आगरातून नेलं, पाखाडीला लावलं. त्यांना समुद्राची भीती नव्हती. तुमच्या सुतकाची होती.

भाऊजी, तुम्हाला हसू येईल. इतकी वर्षं समजावून, भांडून, बेटावरच्या बकऱ्या सांगून जे तुम्हाला जमलं नाही, ते तुमच्या मरणानं केलं. मी त्या पायऱ्यांवर मोठ्यानं रडत होते. तुमच्यासाठी तोपर्यंत रडलेच नव्हते, पाहुण्यांचं करण्यात वेळच मिळाला नाही. पुढे सगळी वाडी चाललेली आणि मागे मी हुंदके देत, हात पसरून.

सड्यावर आम्ही बसलो. म्हणजे त्या एकीकडे, मी एकीकडे. खालचा समुद्र बघत राहिलो. आपलं खडप केवढंसं दिसत होतं वरून, आणि त्याच्या पलीकडे सगळं पाणी गप्प उभं. मला वाटत होतं, आता आलं, आता आलं. आणि खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं की यावं. थोडं तरी यावं. एवढं सगळं करून काहीच आलं नाही तर मी यांना तोंड कसं दाखवू?

सूर्य टेकायच्या सुमाराला वारा पडला. पाणी परत आलं, सावकाश, एकेक खडप झाकत, आणि नेहमीच्या रेषेवर येऊन थांबलं. एक बोटभर पुढे नाही.

कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मुकाट्यानं उतरल्या. सुमी शेवटी उठली. माझ्यापासून हातभर लांब उभी राहून म्हणाली, "पोरांना आज काय घालू, वयनी? तुझ्या भावजीचा मकराण?" घरात तांदूळ होता, डाळ होती, पण सुतकातलं अन्न तिला चालणार नव्हतं. मला काही देताही येईना.

तुमचे दादा म्हणाले, "वारा पडला नि पाणी आलं. सरळ हाय." असेल. मला माहीत नाही. तुम्ही असतात तर "कधी कधी" म्हणाला असतात आणि मी चिडले असते. पण तुम्ही त्या दुपारी पुळणीवर गप्प का बसलात ते मला त्या दिवशी कळलं. काही आलं नाही तर वाडी हसेल, आणि पुन्हा कुणी तुमचं ऐकणार नाही, हीच भीती ना? मी तुम्हाला सड्यावर सांगितली तीच. तुम्हाला ती माझ्या आधीपासून होती. एकदा बोलून दाखवली असतीत तर मी तुम्हाला त्यावरून इतकं टोचलं नसतं, भाऊजी. दोघांनी मिळून घाबरलो असतो.

दहावं झालं, तेरावं झालं. बायका तेराव्याला आल्या, पानं वाढली, भांडी घासली. षष्ठीचा विषय कुणी काढला नाही. सुमी वड्यांचं पीठ मळायला बसली होती, ती माझ्याकडे न बघता मळत राहिली. तेराव्याला पुनव होती. म्हणजे दुसऱ्या दिवशी उजाडताना मोठी सुकती, आणि आता सुतक संपलेलं, हाक परत माझ्याकडे.

हे आज सकाळचं. तांबडं फुटताना मी पायरीवर आले. खडप उघडं पडत होतं. तिथीप्रमाणे, वेळेवर. ओ आली नाही तर काय करायचं, हाक सुमीला देऊन टाकायची आणि घरात बसायचं, असंही मनात येऊन गेलं. पण घातली हाक. "सुकती लागली गो!"

ओ आली नाही.

दारं मात्र उघडली. एकेक बाई अंगणात आली. हातात टोपल्या होत्या, कोयत्या होत्या. पण पुळणीकडे कुणी पाऊल टाकेना. सगळ्या उभ्या राहून आधी समुद्राकडे बघत होत्या, मग पाखाडीकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, गेली आपली हाक.

तेवढ्यात कुंपणापलीकडून सुमीनं विचारलं, अगदी रोजचं काही विचारावं तसं, "वयनी, हाक खालची की वरची?"

मी पाण्याकडे बघितलं. बोटांवर तिथी मोजली. पुन्हा पाण्याकडे बघितलं, आणि मग म्हटलं, "खालची."